दहा मल्ल आणि ९.९ शिष्यवृत्त्या

खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले तेव्हा पैशांची सोय होईना. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूर-कराडकडे ही हकीकत आजही भरल्या गळ्याने सांगतात. कॉलेजने मल्लाच्या पाठीशी उभं राहण्याचं आपल्याकडचं हे सर्वांत मोठं उदाहरण, पण ते एका माणसाच्या मोठेपणाचं उदाहरण आहे. एरवी आपला पैलवान घडतो तालमीत. कॉलेजात बहुतेकदा त्याचं फक्त नाव असतं.

अमेरिकेत तालीम म्हणजे विद्यापीठच. शाहू महाराजांच्या काळात मल्लांसाठी जे काम दरबार करी, ते तिथे विद्यापीठ करतं. राहायला खोली, जेवण, वस्ताद, डॉक्टर, शिवाय पदवीचं शिक्षण. एनसीएए ही कॉलेजातल्या खेळांची देशव्यापी संघटना. तिच्या पहिल्या विभागात जवळपास ऐंशी विद्यापीठांचे कुस्ती-संघ आहेत आणि दर मार्चमध्ये त्यांची राष्ट्रीय स्पर्धा होते. वजनगट दहा, प्रत्येक गटात ३३ मल्ल.

आता कोडं पाहा. २०११ ते २०२५ या काळात ही स्पर्धा चौदा वेळा झाली. २०२० साली करोनामुळे रद्द झाली होती. या चौदांपैकी बारा सांघिक विजेतेपदं पेनसिल्वेनियातल्या पेन स्टेट या एकाच विद्यापीठाने नेली. नियम सर्वांना सारखे. शिष्यवृत्त्यांची मर्यादा सर्वांना सारखी. सरावही आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त घ्यायचा नाही आणि एक दिवस सक्तीची सुट्टी, हेही सर्वांना सारखंच. मग एकच तालीम पुन्हा पुन्हा कशी जिंकते?

## आधी ही कुस्ती कोणती ते

अमेरिकी कॉलेजातली मुलं ऑलिंपिकची फ्रीस्टाइल खेळत नाहीत. त्यांची स्वतःची देशी कुस्ती आहे, तिला ते फोकस्टाइल म्हणतात. लढत सात मिनिटांची: पहिली फेरी तीन मिनिटं, पुढच्या दोन फेऱ्या दोन-दोन मिनिटांच्या.

पहिली फेरी उभ्याने सुरू होते. या कुस्तीचा खरा स्वभाव कळतो तो दुसऱ्या फेरीत. एक मल्ल गुडघे आणि तळवे मॅटवर टेकून बसतो. दुसरा त्याच्या कुशीला चिकटून गुडघा टेकतो. त्याचा एक हात खालच्याच्या कमरेभोवतून बेंबीपाशी, दुसरा कोपरावर. क्षणभर दोघंही दगडासारखे स्थिर. शिट्टी वाजली की खालच्याने उसळी मारून सुटायचं आणि वरच्याने त्याला सुटू द्यायचं नाही. फ्रीस्टाइलमध्ये खाली गेलेला मल्ल पोट मॅटला चिकटवून पडून राहिला, तर थोड्या वेळाने पंच दोघांना उभं करतो. इथे तसं कोणी वाचवायला येत नाही. वरचा जेवढा वेळ ताबा ठेवतो तो घड्याळावर मोजला जातो आणि शेवटी त्याचा गुण मिळतो. आपल्या मातीत सवारी भरणं म्हणतात, त्याच्याशी हे जवळचं आहे.

म्हणून तिथला वस्ताद शाळकरी मल्ल पारखताना तो पट कसा काढतो एवढंच बघत नाही. खाली सापडल्यावर कसा उठतो, ते जास्त बारकाईने बघतो. उठण्याला ताकद लागते, पण त्याहून जास्त चिवटपणा लागतो. दोन मिनिटं कोणीतरी पाठीवर ओझ्यासारखं बसलेलं असताना आठव्यांदा उसळी मारणारा मुलगा वेगळाच असतो.

खाशाबांच्या कुस्तीलाही अशा अमेरिकी हाताचा स्पर्श झाला होता. १९४८च्या लंडन ऑलिंपिकआधी रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने त्यांना मॅटवरचे धडे दिले. मातीतून थेट मॅटवर उतरलेले खाशाबा तिथे सहावे आले.

चौकट: गुण कसे मोजतात

उभ्या मल्लाला खाली घेऊन कब्जा मिळवला की ३ गुण (२०२३ पर्यंत २ होते).
खालून सुटून उभं राहिलं की १ गुण.
खालच्याने वर येऊन उलट कब्जा घेतला की २ गुण.
प्रतिस्पर्ध्याची पाठ मॅटकडे वळवून धरली की सेकंदांच्या हिशेबाने २ ते ४ गुण.
सवारीचा वेळ समोरच्यापेक्षा एक मिनिट किंवा अधिक भरला की शेवटी १ गुण.
१५ गुणांची आघाडी किंवा चितपट झाली की कुस्ती तिथेच संपते.
दोन विद्यापीठांच्या लढतीत संघाला साध्या विजयाचे ३, आठ ते चौदा गुणांनी जिंकल्यास ४, पंधराच्या आघाडीचे ५ आणि चितपटीचे ६ गुण.

## कालवड घेताना तिची आई बघतात

दहावीचं वर्ष संपल्यावर १५ जूनपासून विद्यापीठाचे प्रशिक्षक मुलाला फोन करू शकतात. त्याआधी नाही. पण नजर कितीतरी आधीपासून असते. पेनसिल्वेनिया, ओहायो, न्यू जर्सी, आयोवा या राज्यांतल्या शालेय स्पर्धांना प्रशिक्षक ठाण मांडून बसलेले असतात. उन्हाळ्यात नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी देशभरातली शाळकरी पोरं फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन खेळायला जमतात. आपल्याकडे जत्रेच्या मैदानात कडेला बसलेला म्हातारा वस्ताद जसा गर्दीतून एक पोर नेमकं टिपतो, तसंच काम तिथे चालतं, फक्त हातात वही आणि कॅमेरा असतो.

यातली सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे वजनाचा अंदाज. सोळा वर्षांचा मुलगा आज ५७ किलोच्या गटात जिंकतो आहे. विद्यापीठाला तो हवा आहे विसाव्या-बाविसाव्या वर्षी, तेव्हा तो किती किलोंचा असेल? त्या गटात आपल्याकडे तेव्हा जागा रिकामी असेल का? संघात दहाच गट आहेत आणि एका गटातून एकच जण लढतो. दोन अव्वल मल्ल एकाच गटात आले तर एक बाहेर बसणार आणि पलीकडच्या गटात भगदाड राहणार. म्हणून प्रशिक्षक मुलाच्या घरी जातात तेव्हा बापाची चण, थोरल्या भावाची उंची, हातापायांची ठेवण हे सगळं डोळ्यांत साठवून घेतात. शेतकरी कालवड घेताना तिची आई बघतो, त्यातलाच हा प्रकार.

शरीर किती बदलू शकतं याचा नमुना म्हणजे कॉर्नेल विद्यापीठाचा काइल डेक. २०१० ते २०१३ अशी सलग चार वर्षं तो राष्ट्रीय विजेता झाला, तेही १४१, १४९, १५७ आणि १६५ पौंड अशा चार वेगवेगळ्या गटांत. म्हणजे ६४ किलोंपासून ७५ किलोंपर्यंत. दरवर्षी एक गट चढत गेला आणि प्रत्येक गटात जिंकला.

आणि पारख चुकते तेव्हा? अँथनी रोबल्स जन्मतः एका पायाने वंचित. ॲरिझोनात शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत त्याने ९६ कुस्त्या जिंकल्या, एकही हरला नाही. तरी कुस्तीतल्या नावाजलेल्या विद्यापीठांनी त्याच्याकडे फारसं पाहिलं नाही. तो घराजवळच्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठात गेला. एका पायाचं वजन नसल्यामुळे त्याच्या गटातल्या कोणाहीपेक्षा त्याचे खांदे आणि दंड भारी होते, कुबड्यांवर आयुष्य काढल्याने हाताची पकड लोखंडासारखी होती, आणि तो मुळातच इतका खाली असे की पट काढायला समोरच्याला पायच सापडेना. २०११ साली १२५ पौंडांच्या गटात तो त्या हंगामातल्या छत्तीसच्या छत्तीस कुस्त्या जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. पारखणाऱ्यांनी त्याचा नसलेला पाय मोजला होता.

## नव्याण्णव भाकरी, पस्तीस पानं

आता ते शीर्षकातलं गणित. पूर्ण शिष्यवृत्ती म्हणजे फी, राहणं, जेवण आणि पुस्तकं. २०२५ पर्यंत पहिल्या विभागातल्या कुस्ती-संघाला जास्तीत जास्त ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतके पैसे देता येत. वजनगट दहा आणि शिष्यवृत्त्या दहालाही कमी! मात्र ही रक्कम कितीही मुलांमध्ये तुकड्यांनी वाटायची मोकळीक होती.

एक शिष्यवृत्ती म्हणजे दहा भाकरी समजा. वस्तादाच्या टोपलीत नव्याण्णव भाकरी आहेत आणि पंगतीला तीस-पस्तीस पानं मांडली आहेत. देशात पहिल्या नंबरच्या पोराला दहाच्या दहा वाढल्या तर बाकीच्यांच्या पानात काय पडणार? म्हणून एकाला सात, एकाला चार, एकाला दीड असं वाढावं लागतं. शेवटच्या रांगेतली मुलं तर घरून डबा आणतात. म्हणजे सगळा खर्च स्वतःचा करून, कुस्तीच्या नावाचा एक पैसा न घेता संघात राहतात. या डबेवाल्या मुलांना विसरू नका. पुढे त्यांच्याकडे परत यायचं आहे.

भाकरी पुरवण्याच्या दोन युक्त्या आहेत. सरकारी विद्यापीठात आपल्याच राज्यातल्या मुलाला फी बरीच कमी असते, त्यामुळे त्याचं पोट थोड्या भाकरींत भरतं. ज्या राज्यात गल्लोगल्ली मल्ल आहेत त्या राज्यातल्या विद्यापीठाला हा मोठा फायदा, आणि पेनसिल्वेनिया तसं राज्य आहे. दुसरी युक्ती अभ्यासाची. हुशार मुलाला गुणवत्तेची वेगळी शिष्यवृत्ती मिळाली की कुस्तीच्या टोपलीतल्या भाकरी वाचतात. संघातून लढायला शाळेतल्या सोळा ठरावीक विषयांत चारपैकी किमान २.३ सरासरी लागतेच, पण चांगला प्रशिक्षक गुणपत्रिका बघतो तो एवढ्यासाठी नाही. बीजगणितात पहिला आलेला मल्ल त्याला स्वस्तात पडतो.

शेवटी मुलगा होकार देतो तो बहुतेकदा विद्यापीठाला नाही, वस्तादाला. केल सँडरसन २००९ मध्ये आयोवा स्टेट सोडून पेन स्टेटला गेले, तेव्हा आयोवा स्टेटला यायचं ठरवलेला डेव्हिड टेलर हा शाळकरी मल्ल त्यांच्यामागोमाग पेन स्टेटला गेला. पुढे तो दोनदा राष्ट्रीय विजेता झाला आणि टोकियोत त्याने ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं.

## मोहोर खुडण्याचं वर्ष

कोकणात आंब्याचं कलम लावल्यावर पहिली दोन-तीन वर्षं आलेला मोहोर खुडून टाकतात. फळ धरलं तर झाड खुरटतं. अमेरिकी कॉलेजात यालाच रेडशर्ट म्हणतात. मल्लाला पाच वर्षांत चार हंगाम खेळायची मुभा असते; एक वर्ष तो संघाबरोबर शिकतो, सराव करतो, खातो-पितो, पण संघाकडून लढत नाही. तो हंगाम खर्ची पडत नाही. अठरा वर्षांच्या पोराला तेवीस वर्षांच्या गड्यापुढे उभं करण्यापेक्षा हे बरं, असा साधा हिशेब आहे.

## वजन उतरवण्याची किंमत

१९९७ साली नोव्हेंबर-डिसेंबरच्या तेहतीस दिवसांत तीन वेगवेगळ्या कॉलेजांतले तीन मल्ल वजन उतरवताना मेले. अंगात घाम कोंडणारे रबरी कपडे, गरम केलेली खोली आणि पाणी बंद. वजनाच्या काट्यासाठी शरीरातलं पाणी पिळून काढत होते. रक्त दाट होतं, हृदयावर ताण येतो, आतली उष्णता बाहेर पडायला घामच उरत नाही. तापलेल्या इंजिनातलं पाणी काढून घेऊन ते घाटात चढवावं, तसं ते होतं.

त्यानंतर नियम मुळापासून बदलले. रबरी कपडे आणि वजनासाठी घामखोली यांवर बंदी आली. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक मल्लाची लघवी तपासतात. ती पाण्याच्या १.०२० पटीपेक्षा जड भरली तर शरीर कोरडं आहे असं समजून त्या दिवशी पुढची मोजणीच करत नाहीत. मोजणीत अंगातली चरबी बघतात आणि चरबी पाच टक्क्यांवर आल्यावर मुलाचं जे वजन होईल त्याखालच्या गटात त्याला त्या हंगामात लढता येत नाही. आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त उतरायचं नाही. सत्तर किलोंच्या मुलाला म्हणजे साधारण एक किलो. शिवाय वजन आणि लढत यांतलं अंतर तासा-दोन तासांवर आणलं. रात्रभरात पाणी पिऊन फुगून यायची सोयच उरली नाही. तीन मुलांच्या मरणानंतर का होईना, हे झालं ते योग्यच झालं. आपल्याकडे वजनाच्या आदल्या रात्री थुंकत बसणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि असे नियम आपल्या प्रत्येक तालमीत, प्रत्येक स्पर्धेत यावेत असं मला कळकळीने वाटतं.

## जोड

आता कोड्याच्या गाभ्याशी येऊ. वस्ताद दिवसभर ओरडून शिकवतो म्हणून मल्ल तयार होत नाही. तो तयार होतो जोडीवर. रोज अंगाला अंग लावणारा माणूस जेवढा तगडा, तेवढा मल्ल तगडा, हे आपल्या तालमीतल्या कोणालाही सांगावं लागत नाही. तरणं पोर रोज महाराष्ट्र केसरीच्या तयारीतल्या पैलवानाबरोबर हौद्यात उतरलं, तर वर्षभरात त्याची चालच बदलते.

तीस-पस्तीस मुलं आणि दहा गट म्हणजे एका गटाला तीन-चार मुलं. हंगामाआधी त्यांच्यात आपापसात कुस्त्या लावतात. जिंकेल तो संघातून लढतो. हरलेला मुलगा घरी जात नाही. तो उद्या दुपारी त्याच विजेत्याची जोड म्हणून मॅटवर असतो, आणि येत्या शनिवारी ज्याच्याशी गाठ पडणार त्याच्यासारखी पकड करून दाखवतो. जड गटातली जोड ताकद सोसायला शिकवते, हलक्या गटातली वेग. पेन स्टेटने वर्षानुवर्षं उत्तम मुलं घेतली, तेव्हा त्यांनी नुसते दहा विजेते जमवले नाहीत. त्यांनी त्या दहांना रोज घाम फोडणाऱ्या जोडी जमवल्या. चांगली जोड मिळते म्हणून चांगली मुलं येतात, आणि ती आली की पुढच्या मुलांना आणखी चांगली जोड मिळते. विरजण चांगलं असेल तर दही चांगलं लागतं आणि त्याच दह्याचं पुढचं विरजण होतं. सारखे नियम असून एकच तालीम का जिंकते, त्याचं उत्तर माझ्या मते इथे आहे.

वीस तासांचा नियम मोठ्या संस्थांनी पाळला, पण जोडीची सोय आणखी वाढवली. विद्यापीठाच्या गावातच देणग्यांवर चालणारी वेगळी सराव केंद्रं निघाली. पदवी घेऊन बाहेर पडलेले, ऑलिंपिकची तयारी करणारे मल्ल तिथे पोटापाण्याची सोय होऊन सराव करतात आणि कॉलेजच्या पोरांशी लढतात. पेन स्टेटच्या गावच्या केंद्राचं नाव निटनी लायन रेसलिंग क्लब. एकोणीस वर्षांच्या पोराला मंगळवारी दुपारी ऑलिंपिक पदकविजेत्याची जोड मिळते, यापेक्षा मोठा खुराक कोणता?

वस्तादांच्या रीती मात्र वेगवेगळ्या. डॅन गेबल शाळा आणि कॉलेज मिळून एकही कुस्ती हरले नव्हते. १९७० च्या राष्ट्रीय अंतिम लढतीत, कॉलेजच्या अगदी शेवटच्या कुस्तीत, लॅरी ओविंग्सने त्यांना १३-११ असं हरवलं. दोन वर्षांनी म्युनिकला त्यांनी एकही गुण न देता ऑलिंपिक सुवर्ण घेतलं. पुढे आयोवा विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून १९७७ ते १९९७ या एकवीस हंगामांत त्यांनी पंधरा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्यातली नऊ सलग, १९७८ ते १९८६. त्यांचा सराव म्हणजे मुलांच्या सोसण्याची परीक्षा. सँडरसन कॉलेजात १५९ कुस्त्या लढले आणि १५९ जिंकले, २००४ साली अथेन्सला सुवर्णपदक घेतलं. ते मुलांना गुण घेण्याचा आनंद शिकवतात: आघाडी राखत बसू नका, पुढचा पट काढा. दोघांत साम्य एकच, दोघांच्याही सरावाच्या खोलीत माजी विजेते रोज मॅटवर उतरत.

## दारं उघडली, उंबरा वाढला

गेल्या काही वर्षांत सगळं वेगाने बदललं. २०१८ मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्यांची खुली नोंदवही आली. जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातींचे पैसे घ्यायची परवानगी मिळाली. त्यामुळे भरती आता शाळेपुरती राहिली नाही; तयार मल्लही दुसऱ्याच्या तालमीतून येतो. वायट हेंड्रिक्सन हवाई दलाच्या अकादमीतून शेवटच्या वर्षासाठी ओक्लाहोमा स्टेटला आला. तिथे तोवर तोच डेव्हिड टेलर वस्ताद झाला होता. मार्च २०२५ च्या अंतिम लढतीत समोर होता टोकियोचा सुवर्णविजेता गेबल स्टीव्हसन. मी ही कुस्ती किती वेळा पाहिली असेल! शेवटची थोडी सेकंदं उरली असताना हेंड्रिक्सन त्याच्या पायात घुसतो, कब्जा घेतो, आणि फलकावर ५-४ झळकतात.

मुलांना स्वतःच्या घामाचे पैसे मिळू लागले हे चांगलंच. पण २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने आणखी एक बदल आणला. ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना आता ९.९ ची मर्यादा नाही, हव्या तितक्या शिष्यवृत्त्या द्याव्यात. मात्र संघात मुलं तीसच. पूर्वी भाकरींना मर्यादा होती, पानांना नव्हती. आता पानं मोजून मांडायची आहेत, आणि पान कमी करायचं झालं की पहिलं उठतं ते घरून डबा आणणाऱ्याचं. न्यायाधीशांनी तेव्हा संघात असलेल्या, या मर्यादेमुळे जागा गमावणाऱ्या मुलांना मोजणीतून सूट देण्याची मुभा ठेवायला लावली. त्यांच्यामागून येणाऱ्या पोरांना ती सूट नाही.

हीच मुलं उद्याच्या विजेत्याची जोड असतात. त्यांच्यातून दरवर्षी एखादा असा निघतो, की ज्याला कोणी फोन केला नव्हता आणि जो चौथ्या वर्षी सर्वांना हरवतो. पैसे वाढवले ते बरोबर केलं. तीसची मर्यादा मात्र कुस्तीला लागू करू नये; आपल्या खोलीत किती जोडी हव्यात, हे वस्तादालाच ठरवू द्यावं.